भेटीचं कारण: वैयक्तिक

मी त्या कारखान्यात लागले तेव्हा फाटकावर चाचा बसायचे. चंद्रपूरच्या जुन्या वस्तीतले, टांग्याच्या घोड्यांना नाल मारणाऱ्याच्या घरातले. टिनाच्या शेडखाली एक टेबल, टेबलावर जाडजूड रजिस्टर आणि दोरीनं बांधलेला पेन. नाव, गाव, कोणाला भेटायचं, कशासाठी, शेवटी सही किंवा अंगठा. चाचा लिहायला इतके सावकाश की गावाचं नाव लिहून होईपर्यंत आलेल्या माणसानं आपली सगळी कहाणी सांगून टाकलेली असायची. मग ते इंटरकॉम उचलायचे आणि ज्याला बोलवायचं त्याच्या खात्यात मोठ्यानं ओरडायचे. इंटरकॉम नसता तरी त्यांचा आवाज पोचला असता.

मी शेजारच्या टाइम ऑफिसात टायपिंगला होते. आमच्या मोहल्ल्यातल्या विहाराच्या मागच्या खोलीत एका मास्तरांनी कम्प्युटरचे वर्ग काढले होते, तिथं शिकले आणि ही नोकरी लागली. शहराबाहेर तेव्हा लोखंडाचे कारखाने एकामागून एक उभे राहत होते, त्यातलाच आमचा एक. काळी धूळ इतकी की संध्याकाळी आई माझी ओढणी बादलीत बुडवायची तर पाणी शाईसारखं व्हायचं. माझ्या खिडकीतून फाटक दिसायचं. काम नसलं की मी तिकडंच बघत बसायचे.

ती बाई मला तशीच दिसली. तिशीची असेल. सुती साडी, प्लास्टिकच्या चपला, हातात कापडी पिशवी. सावली गावाच्या पुढच्या एका खेड्यातून पहिल्या एसटीनं चंद्रपूरला यायची, तिथून टमटमनं आमच्या फाटकावर. तिचा नवरा आमच्याकडे भट्टीवर फिटर होता. तो शहरात खोली करून राहायचा आणि गावी जाणं त्यानं हळूहळू सोडून दिलं होतं. गावी ती आणि त्याची म्हातारी आई, अशा दोघीच. त्यानं असं का केलं हे कोणाला नक्की माहीत नव्हतं. कोणी म्हणायचं, दुसरी बाई केली. कोणी म्हणायचं, मूलबाळ नाही म्हणून मन उडालं. पण दुसरी बाई कोणी पाहिली नव्हती, आणि मनातलं तर कोण पाहणार.

ती आली की चाचा इंटरकॉमवर ओरडायचे, "अरे भट्टीवाले, तुमच्या फिटरले सांगा, घरवाली आली हाय. डबा घेऊन आली हाय. जल्दी भेजो, धूप में खडी है बेचारी."

भट्टीवरच्या सगळ्यांनी ते ऐकलेलं असायचं. मग त्याला यावंच लागायचं. हेल्मेट काखेत, हात चिंधीनं पुसत, तोंड पाडून तो यायचा. सायकल स्टँडजवळ एक कडुनिंब होता, त्याच्याखाली दोघं बसायची. ती डबा उघडायची, तो खायचा. मला खिडकीतून ऐकू यायचं.

"माय इचारते तुले."

"येतो ना."

"कधी?"

"सुट्टी भेटली का."

एवढंच. तो हात धुऊन आत जायचा, ती रिकामा डबा पिशवीत घालून निघायची. कधी तो खरंच जायचा, दिवाळीला नाहीतर पोळ्याला, आणि दोन दिवसांत परत यायचा. पण तिच्याकडे बघून वाटायचं की आजचं काम झालं हिचं. नवरा समोर बसला, जेवला, "येतो" म्हणाला.

मग फाटकावर कम्प्युटर आला.

नागपूरहून एक पोरगेला इंजिनीअर आला. वाकड्या मानेचा कॅमेरा, छोटा प्रिंटर, काचेची केबिन. मोठ्या साहेबांनी नारळ फोडला, पेढे वाटले. मला त्या केबिनमध्ये बसवलं, कारण टायपिंग येणारी आणि फाटकाजवळ बसणारी मीच होते. चाचांना ट्रकांच्या वजनकाट्यावर पाठवलं. त्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. "अच्छा हुआ बेटा," ते म्हणाले, "आँखें भी अब साथ नहीं देतीं." आणि खरं सांगते, मी खूश होते. पंखा होता, फिरती खुर्ची होती. आई शेजारणींना सांगायची, माझी पोरगी काचेत बसते.

नवी पद्धत अशी होती. आलेल्या माणसाचं नाव टाकायचं, फोटो काढायचा, कोणाला भेटायचं त्याचा नंबर टाकायचा आणि भेटीचं कारण निवडायचं. कारणं ठरलेली होती : कार्यालयीन, ठेकेदार, पुरवठादार, मुलाखत, वैयक्तिक. मग ते त्या खात्याच्या कम्प्युटरवर जायचं. तिथं ज्याच्याकडे माणूस आला त्यानं बघायचं आणि बटण दाबायचं. मंजूर आलं की इकडे फोटोची चिठ्ठी छापून निघायची. नामंजूर आलं की लाल अक्षरं. चिठ्ठी नसेल तर फाटकातून आत नाही आणि आतल्या माणसाला बाहेर बोलावणंही नाही. इंटरकॉम काढून सुरक्षा अधिकाऱ्याच्या खोलीत नेला.

ती आली तेव्हा मी काचेतल्या भोकाशी वाकून विचारलं, "कोणाला भेटायचं आहे?"

"तुले माहीत नाई का?" ती हसली.

"मला माहीत आहे, बाई. पण ह्याच्यात लिहावं लागतं आता."

मी नाव टाकलं. पदर थोडा मागे घ्यायला सांगितला आणि कॅमेऱ्यात बघायला. लग्नानंतर तिचा फोटो कोणी काढला नव्हता म्हणे. ती इतकी ताठ उभी राहिली की मलाच हसू आलं. कारण वैयक्तिक निवडलं आणि पाठवून दिलं. आम्ही दोघी वाट बघत बसलो. ती काचेच्या त्या बाजूला, मी ह्या बाजूला.

लाल अक्षरं आली. मला वाटलं माझंच काही चुकलं. नंबर तपासून पुन्हा पाठवलं. पुन्हा लाल.

"काय म्हणते तो?" तिनं विचारलं.

"नाही म्हणतो."

"त्यानं म्हटलं? तू आयकलं?"

"ऐकू येत नाही, बाई. लिहून येतं."

"काय लिहलं?"

"नामंजूर."

तिनं तो शब्द स्वतःशी एकदा म्हणून पाहिला. "म्हंजे काय होते?"

"भेटणार नाही म्हणजे."

"काऊन?"

"ते नाही लिहून येत."

ती काचेतून स्क्रीनकडे बघायचा प्रयत्न करत राहिली. स्क्रीनची पाठ तिच्याकडे होती. मी तो थोडा वळवला. तिला वाचता येत नव्हतं, पण लाल रंग तिला दिसला. ती कडुनिंबाखाली जाऊन बसली. दुपारी उठली, डबा तसाच घेऊन गेली.

ती परत आली, परत लाल आलं. नंतर येत राहिली आणि ते लाल येत राहिलं. मी माझ्या परीनं हातपाय मारले. भट्टीच्या ऑफिसातल्या क्लार्कला जेवणाच्या सुट्टीत गाठून विचारलं. तो म्हणाला, "तो स्वतः येऊन दाबते. आम्ही काय करणार?" मग सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेले. फौजेतून निवृत्त झालेले, चांगला माणूस. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "मॅडम, कोणाला भेटायचं, कोणाला नाही, हा त्याचा हक्क आहे. उद्या तुम्हाला भेटायला कोणीही आलं आणि तुमची इच्छा नसली तर? तुम्हालाही हेच बटण आहे." ते चूक बोलत नव्हते.

पाळी सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभं राहूनही तिनं पाहिलं. शेकडो सायकली, सगळ्यांची तोंडं रुमालानं बांधलेली, सगळी तोंडं काळी. आणि वसाहतीकडे उघडणारं मागचं एक फाटक होतं, तो तिकडून जायला लागला. खोलीही त्यानं बदलली होती. नवी कुठं हे तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत ती यायची नाही. तेव्हा मला बरं वाटायचं. चिखलात उभी असेल, बायकांत असेल, काचेसमोर नसेल. दिवाळीनंतर मात्र आली. नव्या धानाचे पोहे कुटून आणले होते. लाल अक्षरं बघून झाल्यावर तिनं पोह्यांची पुरचुंडी काचेच्या भोकातून आत सरकवली.

"हे तू ने. वापस घेऊन जाऊ का आता?"

घरी नेले. आईनं विचारलं, कोणी दिले? मी म्हटलं, एका बाईनं.

त्यानंतर एक दिवस तो स्वतःच माझ्या खिडकीशी आला. हजेरीच्या कार्डावरचा त्याचा फोटो घासून गेला होता, नवं कार्ड करायचं होतं. मी त्याला इतक्या जवळून पहिल्यांदा पाहत होते. वाईट माणसासारखा दिसत नव्हता. दमलेला दिसत होता. मी फोटो काढला. प्रिंटर गरम व्हायला वेळ लागायचा, तेवढ्यात मी म्हटलं, "तुमच्या घरून येतात त्या. त्यांचं नाव मीच पाठवते तुम्हाला."

तो कॅमेऱ्याकडेच बघत होता. "फोटो झाला का मॅडम?"

"झाला. एकदा भेटा ना त्यांना. फाटकापर्यंत तर यायचं आहे."

तो खाली बघून म्हणाला, "तिच्यासमोर बसलो का मले काई बोलताच येत नाई. ती इचारते अन् मी हो म्हणतो. येतो म्हणतो. मंग जाववत नाई. हे बरं हाय. दाबलं का झालं."

"पण कारण काय?"

"मले माहीत असतं त मी तिलेच नसतं का सांगतलं?"

कार्ड बाहेर आलं. तो घेऊन गेला. मी त्याच्यावर चिडायचं ठरवून बसले होते, ते मला जमलं नाही.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा मी तिला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. सांगावं की नाही ह्याचा विचार करत बसले नाही. तिला कोणीच काही सांगत नव्हतं. ती काचेला हात टेकून ऐकत होती.

"म्हंजे सोडलं नाई त्यानं," ती म्हणाली.

"तसं नाही म्हणाला तो."

"अन् येतो बी नाई म्हणला."

"नाही."

"सोडलं म्हणाले पाह्यजे त्यानं. तोंडानं. म्हंजे मी माझ्या भावाच्या घरी जाईन. म्हातारीले त्याच्याजोळ आणून देईन. असं मधातच ठेवते का कोणी माणसाले?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "माह्यासमोर बोलता येत नाई म्हणते? मंग मले समोरच जा लागते."

मला वाटलं, रागात बोलली.

उन्हाळा लागायच्या सुमारास एका ठेकेदाराची नवी टोळी आली. भट्टीकडे माल नेणाऱ्या पट्ट्याखाली सांडलेली भुकटी झाडायला बाया लागायच्या. मुकादमानं नावांचा कागद दिला, बाया रांगेत उभ्या राहिल्या, मी एकेकीचा फोटो काढत होते. ती रांगेत होती. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, हातात झाडू. मी तिच्याकडे बघतच राहिले.

"काढ ना फोटो," ती म्हणाली.

"बाई, घरी म्हातारी..."

"शेजारची सून पाह्यते. कामावर आली मी. काम कराले बंदी हाय का?"

बंदी नव्हती. ठेकेदाराच्या मजुरांसाठी कोणाची मंजुरी लागत नव्हती, मुकादमाचा कागद पुरे होता. मी कारणात ठेकेदार निवडलं आणि कार्ड लगेच बाहेर आलं. ते गळ्यात अडकवून ती फाटकातून आत गेली. इतकी सहज गेली की मी खुर्चीतून उठून तिच्या पाठीकडे बघत राहिले.

टोळीतल्या बायांबरोबर ती कारखान्याजवळच्या एका खोलीत राहू लागली. सकाळी आत जाताना माझ्याकडे बघायची, मी मानेनंच विचारायचे, भेटला का? ती मानेनंच नाही म्हणायची. मग एक दिवस दुपारी पाणी प्यायला फाटकाजवळच्या नळावर आली आणि माझ्या काचेशी थांबली. तोंडावर नुसते डोळे स्वच्छ होते.

"दिसला," ती म्हणाली.

"मग?"

"पट्ट्याखाली झाडून राह्यली होती मी. तो वरून आला. माह्या एवढ्या जोळ. दुपट्टा होता ना तोंडाले. म्हणला, बाजूले व्हय बाई, लागन तुले." तिनं दुपट्टा सारखा केला. "मी झाली बाजूले."

मी म्हटलं, "आवाज तरी द्यायचा होता."

"गळ्यात आवाजच नाई आला. आता समजलं मले, त्याले काय होते ते."

ती हे रागानं बोलली नाही. ओंजळीनं पाणी प्यायली आणि झाडू घेऊन परत गेली.

काही दिवसांनी तिनं दुपट्टा काढला. हे मला टोळीतल्या दुसऱ्या एका बाईनं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्या खात्याच्या लोखंडी जिन्यापाशी जाऊन उभी राहिली, तोंड उघडं. तो जिना उतरत होता, तिला बघून मधल्याच पायरीवर खाली बसला. आजूबाजूला माणसं होती. ती म्हणाली, "एक गोष्ट सांग. सोडलं का नाई सोडलं? जे असन ते सांग, मी चालली जाईन." तो तसाच बसून राहिला, हेल्मेट मांडीवर घेऊन. ती उभीच. दोघांपैकी कोणी ओरडलं नाही, रडलं नाही. मग भोंगा झाला. तो उठला, तिच्या बाजूनं अंग चोरून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कम्प्युटर सुरू केला तर तिच्या नावासमोर लाल रंग. भट्टीच्या खात्यातून वर गेलं होतं की ठेकेदाराची एक मजूर बाई कामात अडथळा आणते. त्यानं स्वतः तक्रार केली की बघणाऱ्यांपैकी कोणी, हे मला कधीच कळलं नाही. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, मले टोळी टिकवाची हाय. एकीपायी बाकीच्यायचं काम जाईन." बाकीच्या बाया रांगेत उभ्या होत्या, त्या खाली बघत होत्या. सुरक्षा अधिकारी माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनाही ते काम आवडत नव्हतं हे दिसत होतं. "कार्ड जमा करून घ्या," एवढंच म्हणाले आणि बाहेर ट्रकांकडे गेले.

मी हात पुढं केला. तिनं गळ्यातलं कार्ड काढून भोकातून दिलं. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

"त्याच्यात माहे फोटो हायत ना?" तिनं विचारलं. "आली तवाचे सगळे?"

"आहेत."

"पुसून टाक."

मी पुसायचा प्रयत्न केला. एकेक उघडला. कधी पदर मागे घेतलेली, कधी घामानं थबथबलेली, कधी हातात पोह्यांची पुरचुंडी धरलेली, शेवटी दुपट्टा आणि झाडू. प्रत्येक वेळी स्क्रीनवर तेच यायचं, आपणास हा अधिकार नाही. तो अधिकार नागपूरच्या त्या इंजिनीअरकडे होता, मोठ्या साहेबांकडे होता, आणखी कोणाकडे होता कोण जाणे. माझ्याकडे फक्त फोटो काढायचा होता.

"नाही होत, बाई."

"तुह्यानं बी नाई होत?"

"माझ्यानं काहीच होत नाही," मी म्हटलं. माझा आवाज फाटला. रांगेतल्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या.

तीच मला म्हणाली, "रडू नोको. तुह्याकडे बाकीच्या उभ्या हायत." आणि झाडू मुकादमाच्या पायाशी ठेवून रस्त्याकडे चालू लागली. काट्यावर चाचा ट्रक मोजत होते. त्यांनी तिला हाक मारली, थांबवलं, आणि चंद्रपूरकडे निघालेल्या एका ट्रकवाल्याला सांगून तिला पुढं बसवून दिलं. माझ्या केबिनमधून मला एवढंच दिसलं.

तो पुढं वर्षभर तरी आमच्याकडे होता. हजेरीच्या मशीनशी कार्ड लावायचा, माझ्या खिडकीकडे न बघता जायचा. मग कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात त्याची बदली झाली, छत्तीसगडकडे कुठंतरी. त्यानं मागून घेतली की साहेबांनी केली, हे विचारायला मी गेले नाही. चाचा सेवानिवृत्त झाले. मीही लग्नानंतर ती नोकरी सोडली. माझ्या जागी आलेली मुलगी माझ्यापेक्षा भराभर काम करायची.

बऱ्याच वर्षांनी नात्यातल्या एका लग्नासाठी सावलीला गेले होते. बाजाराचा दिवस होता. भाजीवाल्या बायांच्या ओळीत ती बसली होती. पुढं पोत्यावर पोपटीच्या शेंगांचा ढीग. केस पांढरे झाले होते. मी ओळखलं, आणि तिनंही. माझं नाव तिला तेव्हाही माहीत नव्हतं, मॅडमबाई म्हणाली.

मी तिच्याजवळ पोत्यावरच टेकले. म्हातारी अजून होती. तिला दिसत नव्हतं, पण जेवत होती, बोलत होती. ती स्वतः दुसऱ्याची थोडी शेती ठेक्यानं करत होती. भावाकडे गेली नव्हती.

"तो?" मी विचारलं.

"हाय म्हणते तिकडं."

"मग कधी सांगितलं का त्यानं?"

तिनं समोरच्या गिऱ्हाइकाला शेंगा मोजून दिल्या, तराजू रिकामा केला. "नाई," ती म्हणाली. "म्हातारी रोज इचारते, आला का? मी म्हणतो, येऊन राह्यला. आता मी बी त्याच्यावाणी तेच सांगतो."

लग्नघरी माझी वाट बघत होते, नवरा रस्त्यावर उभा राहून हात करत होता. मी शेंगा घ्यायला पिशवी पुढं केली. तिनं ती भरली, आणि वरून आणखी एक मूठ टाकली.

"जा," ती म्हणाली. "उशीर होऊन राह्यला तुले."